कट्यार काळजात, खंजीर पाठीत

आमच्या चाचांच्या लग्नात त्यांच्या हातात कट्यार होती. टोकाला लिंबू खोचलेले, मुठीला लाल रुमाल गुंडाळलेला. ती कट्यार आमची नव्हती. गावच्या पाटलांच्या वाड्यातून अब्बांनी ती आदल्या दिवशी मागून आणली होती आणि वलीम्यानंतर मिठाईच्या ताटाबरोबर परत केली. गावात कुणाचेही लग्न निघाले की हीच कट्यार फिरे. मराठ्यांच्या नवरदेवाच्या हातात तीच, माळ्यांच्या हातात तीच आणि आमच्या चाचांच्या हातातही तीच. नवऱ्याला दृष्ट लागू नये, वाटेत काही बाधा होऊ नये, एवढाच तिचा उपयोग उरला होता.

त्याच वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रतापगडचा प्रसंग बसवायचा ठरला. गुरुजींनी वर्गावरून नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली. "तू शेख ना? मग तू खान." मला वाईट वाटले असे म्हणणे खोटे ठरेल. उलट मी खूश होतो. अम्मीने जुन्या पडद्याचा चोगा शिवून दिला, कोळशाने दाढी काढली गेली, आणि पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवून वाकड्या पात्याचा खंजीर तयार झाला. खंजीर वाकडाच हवा, असा गुरुजींचा आग्रह होता. सरळ पाते त्यांना पसंत पडेना.

त्या वर्षी माझ्या मनात या दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. एक पाटलांच्या वाड्यातली, लग्नातली, शुभ. दुसरी खानाची, दग्याची. पुढे मराठी वाचनाचा नाद लागला तेव्हा ही विभागणी माझ्या एकट्याच्या मनातली नाही, आपल्या सबंध भाषेतच ती मुरली आहे, हे ध्यानात येऊ लागले. मराठीत कट्यार काळजात जाते आणि खंजीर पाठीत जातो. कट्यारीशी शौर्य, मान, प्रेम जोडले जाते. खंजिराशी विश्वासघात. १९७८ साली वसंतदादा पाटलांचे सरकार पडले, तेव्हापासून महाराष्ट्राच्या राजकारणात "पाठीत खंजीर खुपसला" हे शब्द इतक्या वेळा उच्चारले गेले आहेत, की वर्तमानपत्राच्या मथळ्यात ते वाचताना कुणाला शस्त्र आठवतही नसेल. त्या प्रकरणात एकही खान नव्हता. तरी शब्द खंजीरच आला. कुणी कुणाच्या पाठीत कट्यार खुपसल्याचे मी आजवर वाचलेले नाही.

शब्दांचे असे नशीब ठरते कसे? त्यासाठी आधी वस्तूकडे पाहायला हवे. आपल्याकडे ऐतिहासिक साहित्यावर पुष्कळ टीका होते, पण ती बहुधा पात्रांवर आणि प्रसंगांवर होते. पात्रांच्या हातात लेखकाने काय दिले, याची चौकशी कुणी करत नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला बसून, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींची बखर लिहिली. प्रतापगडच्या भेटीनंतर अडतीस वर्षांनी. अफझलखानाच्या बाजूने तो लिहील, असा संशय त्याच्यावर कुणी घेणार नाही. पहिला वार खानाने केला, असेच तो सांगतो. पण खानाच्या हातात तो खंजीर देत नाही. तो 'जमदाड' देतो. आणि महाराजांच्या हातात वाघनखे व बिचवा. सभासद कारकून माणूस, दरबारात वावरलेला. त्याला जमदाड कोणती, बिचवा कोणता आणि खंजीर कोणता, हे नीट ठाऊक असणार. त्या काळी कमरेचे शस्त्र म्हणजे आजच्या खिशातल्या पेनसारखी रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू होती.

जमदाड म्हणजे यमाची दाढ. शब्द इथलाच आहे. याच कुळातला दुसरा शब्द 'जमधर'. अबुल फझलने १६व्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' लिहिली, तीत अकबराच्या शस्त्रागाराचे एक प्रकरण आहे. त्यात शस्त्रांची नावे आणि किमती दिल्या आहेत. जमधर तिथे मानाच्या जागी आहे. बादशहाच्या खास वापरासाठी चाळीस जमधर राखून ठेवलेले असत आणि त्यांची पाळी लागे, असे अबुल फझल लिहितो. त्याच यादीत खंजर आहे, कटारा आहे, बांक आहे, नरसिंहमोठ नावाचेही एक हत्यार आहे. यादी वाचताना माझ्या मनात आले, की या माणसाला कोणते नाव अरबी, कोणते फारसी आणि कोणते हिंदी याचे काही वाटतच नाही. त्याला शस्त्र वेगळे म्हणून नाव वेगळे, एवढेच कळते.

'आईन'मधला जमधर म्हणजे आज आपण ज्याला कट्यार किंवा कटार म्हणतो ते हत्यार, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नावांबाबत त्यांच्यात वाद आहेत, पण वस्तू ओळखायला सोपी आहे. जगातल्या इतर बहुतेक खंजिरांना पात्याच्या रेषेत मूठ असते. कट्यारीला ती तशी नसते. दोन समांतर पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागे कोपराकडे जातात आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे दोन आडवे दांडे असतात. मूठ वळायची ती या दांड्यांवर. मूठ वळली की पाते आपोआप हाताच्या सरळ रेषेत पुढे येते. ठोसा मारावा तसा वार करायचा. त्यामागे नुसते मनगट नसते, खांद्यासह सगळ्या अंगाचे वजन असते. पाते त्रिकोणी, दोन्हीकडे धार. टोक मात्र मुद्दाम जाड ठेवलेले. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, टोक तर बारीक हवे. पण ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी आहे. बारीक टोक कडीत अडकून मोडेल, जाड टोक कडी उकलत आत शिरेल. मनगटाच्या बाजूच्या पट्ट्या पकड घट्ट ठेवतात आणि थोडाफार वार अडवतातही. बहुतेक कट्यारी एकूण सव्वा ते दीड फुटांच्या. कमरबंदात पुढच्या बाजूला तिरप्या खोचलेल्या, मुठीला गोंडा.

आता या रचनेवरून एक गोष्ट आपोआप निघते. कट्यारीने समोरूनच वार करावा लागतो. हात डोक्यावर उगारून खाली खुपसायचा, जसा कॅलेंडरवरच्या चित्रांत दाखवतात, तसा वार या मुठीने करता येत नाही. करायला गेलात तर मनगट मुरगळेल. सभासदाच्या वर्णनात खान मान कवटाळतो आणि कुशीत जमदाड चालवतो. हे वर्णन त्या हत्याराशी तंतोतंत जुळते, कारण जवळून, कुशीत, सरळ ठोसा हाच तिचा वार. बखरकाराने शब्द अचूक वापरला म्हणून दृश्य अचूक झाले. आमच्या गुरुजींच्या पुठ्ठ्याच्या खंजिराने ते दृश्य होणारच नव्हते. मला हात उगारावा लागला, आणि प्रेक्षकांत बसलेल्या सगळ्या गावाने "अरे अरे" म्हटले. ते "अरे अरे" वाकड्या पात्याचे होते.

हे अफझलखानाची वकिली करण्यासाठी लिहिलेले नाही, हे सांगून टाकतो. भेटीला निघालेल्या दोन्ही बाजूंना काय घडू शकते याची कल्पना होती. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, आणि महाराजांच्या दहा अंगरक्षकांत 'शिवभारत' एका सिद्दी इब्राहिमचे नाव देते. ही माहिती आपल्या वाचकांना नवी नाही. आपल्या लेखांत ती नेहमी येते, कधी कधी इतकी येते की तीही एक घोषणा होऊन बसते. माझे म्हणणे वेगळे आहे. सभासदाने दोघांच्या हातात दिलेली शस्त्रे याच मातीतली आहेत. जमदाड, बिचवा, वाघनख. तिन्ही नावांत यम, विंचू आणि वाघ. त्यांत अरबस्तान किंवा इराण कुठेच नाही. पुढच्या लेखकांनी, नाटककारांनी आणि चित्रकारांनी एका हातातले शस्त्र बदलले. जमदाडीची जागा खंजिराने घेतली आणि शस्त्राला एक परके कूळ मिळाले. बहुतेकांनी हे जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही. 'जमदाड' हा शब्द वाचकाला कळणार नाही, 'खंजीर' कळेल, एवढाच साधा हिशेब असेल. पण अशा साध्या हिशेबांतूनच भाषा कुणाच्या तरी माथी काहीतरी मारत असते.

२०२४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती महाराजांचीच का, यावर महिनोन् महिने वाद झाला. खुद्द लंडनचे संग्रहालयही तशी खात्री देत नाही. ग्रँट डफकडे ती होती, एवढे ठाऊक आहे. या वादात दुसऱ्या हातातल्या शस्त्राबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचे माझ्या वाचनात आले नाही. त्याचे उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होते ना!

कट्यार कुणाची, हा प्रश्न इतिहासाला विचारला तर तो मोठा गमतीदार उत्तरे देतो. तिचे जुने वर्णन करणाऱ्यांत एक प्रवासी आहे मोरोक्कोचा. इब्न बतूता १३४२ मध्ये दिल्लीहून सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला. ग्वाल्हेरच्या बाजूला अलापूर नावाच्या ठाण्याची हकीकत तो सांगतो. तिथला अंमलदार बद्र हा हबशी, सुलतानाचा गुलाम आणि भयंकर पराक्रमी. एका स्वारीत त्याचा घोडा खड्ड्यात पडला आणि तिथल्या एका माणसाने त्याला 'कत्तारा'ने मारले. हे हत्यार नांगराच्या फाळासारखे असते, त्यात हात घालतात, पुढचा हात त्याने झाकला जातो आणि पाते पुढे दोन हात लांब राहते, त्याचा घाव लागला की माणूस वाचत नाही, असे बतूता लिहितो. नांगराचा फाळ! कुणबी माणसालाच सुचावी अशी उपमा या फिरस्त्या काझीला सुचली.

पुढे विजयनगरात कट्यारीला हाताच्या पाठीवर शिंपल्यासारखी ढाल आली. तंजावरच्या शस्त्रागारात अशा कट्यारींचा मोठा साठा होता, त्यांच्यावर याळीची मुखे कोरलेली, आणि पाती कित्येकदा युरोपातून आलेल्या तलवारींची कापून बसवलेली. त्या तंजावरवर १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे भोसले बसले. म्हणजे फिरंगी पाते, तमिळ मूठ आणि मराठी कमर. मोगलांनी कट्यार उचलली ती इतकी आपलीशी केली, की विंडसरच्या राजवाड्यात जपून ठेवलेल्या 'पादशाहनामा'च्या चित्रांत रजपूत आणि तुर्क सरदार शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोघांच्याही कमरबंदातून तीच आडव्या दांड्यांची मूठ डोकावते. कोण कोणत्या धर्माचा हे जाम्याच्या गाठीवरून ओळखावे लागते, कट्यारीवरून नाही.

उलट दिशेनेही देवघेव झाली. पेशकब्ज हे फारसी नावाचे हत्यार. एका बाजूला धार, पाठीचा कणा जाड, इंग्रजी टी अक्षरासारखा, पुन्हा चिलखत फोडण्यासाठीच. ते मराठा सरदारांच्या कमरेला दिसते. चिलानम हे अखंड पोलादी, दुहेरी वळणाचे हत्यार दख्खनच्या सुलतानांकडेही होते आणि मराठ्यांकडेही. बिचवा हा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला, मुठीला कडी असलेला. तो सुद्धा वाकडाच! वाकडे पाते दगाबाजाचे, हा आमच्या गुरुजींचा नियम लावला तर महाराजांच्या हातातल्या शस्त्राचे काय करायचे?

दख्खनची खरी श्रीमंती पाहायची तर विजापूरकडे वळावे लागते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १६व्या शतकाच्या उत्तरार्धातला एक खंजीर आहे. मूठ तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, माणके जडवलेली. मुठीला एका अजगरासारख्या राक्षसी प्राण्याच्या शेपटीचा विळखा आहे. तो प्राणी सिंहावर तुटून पडला आहे, आणि तो सिंह हरणावर. याच जातीचा खंजीर कमरेला लावलेले पहिल्या अली आदिलशहाचे (१५५८ ते १५८०) चित्र उपलब्ध आहे. २०१५ मध्ये त्या संग्रहालयाने दख्खनच्या सुलतानांवर मोठे प्रदर्शन भरवले होते. मी ते पाहिले नाही, त्यातली छायाचित्रे तेवढी पाहिली. ती मूठ पाहिल्यावर मला हळेबीडच्या आणि हंपीच्या खांबांवरची याळी आठवली. हा अली आदिलशहा १५६५ च्या लढाईत विजयनगरच्या विरुद्ध उभा होता. तरी त्याच्या कमरेच्या खंजिरावर दक्षिणेच्या देवळातले प्राणी वेटोळे घालून बसले आहेत. लढाई राज्यांची झाली. कारागिराच्या हाताला ती ठाऊक नव्हती.

पोलादाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. त्यावाचून हा विषय पुराच होत नाही. उत्तम पात्यावर पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. ती वरून काढलेली नसते. मातीच्या मुशीत लोखंड आणि कर्ब एकत्र वितळवून सावकाश थंड केले, की ती पोलादाच्या पोटातच तयार होते. घडवताना ताप जास्त झाला तर विरून जाते. शेवटी हिराकसाच्या पाण्याने पाते धुतले की उघडी पडते. आजच्या तेलंगणातल्या निजामाबादजवळ कोनसमुद्रम हे खेडे या पोलादासाठी इतके प्रसिद्ध होते, की इराणचे व्यापारी तिथे येऊन राहत आणि १९व्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत माल नेत. जो 'इराणी' खंजीर आपण परका मानतो, त्याचे पोलाद दख्खनच्या मातीतून गेलेले असण्याची शक्यता अशी मोठी आहे. जहांगीरची एक सुरी तर याहून लांबून आली आहे. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधरकडे आकाशातून एक उल्का पडली. बादशहाने ते लोखंड मागवले, उस्ताद दाऊदकडे दिले, त्यात चौथा हिस्सा साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजर आणि एक सुरी करवून घेतली, आणि हे सगळे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. ती सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

वापराकडे येऊ. रणांगणावर कट्यारीची पाळी शेवटी येई, तलवार गेल्यावर. तिचा खरा वावर दरबारात. जहांगीरच्या आत्मचरित्रात पानोपानी कुणाला जडावाचा खंजर दिला, कुणाला फूलकटाऱ्यासह खंजर दिला, अशा नोंदी आहेत. खिलअतीबरोबर शस्त्र देणे म्हणजे "तू माझ्याजवळ सशस्त्र उभा राहू शकतोस" असे सांगणे. विश्वासाची खूण म्हणूनच ते दिले जाई. मग विश्वास मोडला तर तेच शस्त्र बाहेर येई. १६४४ मध्ये आग्र्याच्या भर दरबारात अमरसिंह राठोडने मीरबक्षी सलाबतखानाला जमधरने ठार केले आणि स्वतःही तिथेच मारला गेला. उत्तरेत त्याच्यावर नौटंक्या झाल्या, आग्र्याच्या किल्ल्याच्या एका दरवाजाला त्याचे नाव आहे. दरबारात, निमंत्रणाच्या जागी, शस्त्र उपसून मारले तरी लोकांनी त्याला दगा म्हटले नाही. त्याच्या अपमानाची बाजू त्यांना कळली होती. एकाच शस्त्राची एकाच शतकातली ही दोन नशिबे शेजारी ठेवून पाहावीत.

या पार्श्वभूमीवर मला पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाबद्दल लिहायचे आहे. १९६७ मध्ये ते रंगभूमीवर आले. राजगायकाला राजाकडून एक कट्यार मिळते, आणि तिच्याबरोबर एक खून माफ. एक खून माफ ही नाटकाची युक्ती. पण कलावंताला मानाचे शस्त्र ही कल्पना दरबारी रिवाजाला धरूनच आहे. पंडित भानुशंकरांकडून ती कट्यार खाँसाहेब आफताब हुसेनांकडे येते. आता विचार करा. खलनायकाच्या जागी एक मुसलमान गवई, त्याच्या हातात शस्त्र, आणि त्याला एका खुनाची मुभा. एखाद्या सुमार लेखकाच्या हाती हे पडले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. दारव्हेकरांनी खाँसाहेबांना गर्व दिला, मत्सर दिला, पण त्यांचे गाणे खोटे केले नाही. वसंतराव देशपांड्यांनी ती भूमिका अशी गायली, की आमच्या मोहल्ल्यातले मराठी नाटकाच्या वाटेला न जाणारे बुजुर्गही त्या गाण्यांच्या तबकड्या ऐकत. कट्यार कुणाचेच रक्त सांडत नाही. घुसतो तो सूर.

आणि त्यांनी शब्द निवडला कट्यार. 'खंजीर काळजात घुसला' असे म्हणून पाहा. अर्थ तोच, मात्रा थोड्या इकडेतिकडे, पण नाटक उभे राहत नाही. खंजीर 'तो', कट्यार 'ती'. खंजीर म्हणताच मराठी कान मारेकऱ्याला शोधू लागतो. खाँसाहेबांच्या हातात कट्यार आहे म्हणूनच ते आपल्याला आपले वाटतात. २०१५ च्या चित्रपटात सुबोध भावे यांनी नाटकाला भव्य केले. सचिन पिळगावकर आणि शंकर महादेवन यांची कामे पुष्कळांना आवडली, मलाही गाणी आवडली. पण पडद्यावर खाँसाहेबांच्या अंगातला राग सुरांहून मोठा झाला आहे. त्यांचे डोळे जितके दिसतात तितका गळा दिसत नाही. नाव कट्यारीचेच राहिले, तरी मला अधूनमधून तिथे गुरुजींचा पुठ्ठ्याचा खंजीर दिसला.

केवळ इतरांनाच दोष द्यावा आणि आपण नामानिराळे राहावे, हेही बरे नव्हे. आपले लेखक आणि गझलकार काय करतात? उर्दू गझलेत खंजर हा प्रेयसीच्या नजरेचा, भुवईचा. तो समोरून येतो आणि आशिक हसत छाती पुढे करतो. तिथे तो काळजातच जातो. सुरेश भटांनंतर गझल मराठीत रुजली, आपल्यातल्या कितीतरी तरुणांनी ती आपली मानली. पण मराठीत येताना खंजिराने वाटेत दिशा बदलली. दर मुशायऱ्यात निदान चार शेर 'दोस्ताने पाठीत खुपसलेल्या' खंजिरावर असतात आणि त्यांना हमखास दाद मिळते. उर्दूतला अर्थ घरात असताना आपण मराठीतला शिक्का उसना घेतला, आणि तो आपल्यावरच मारलेला आहे हे विसरलो.

खरे तर खंजिराची धार आपल्या इतिहासाइतकी कुणी सोसलेली नाही. हिजरी २३, म्हणजे इ.स. ६४४ मध्ये, मदिनेच्या मशिदीत फजरच्या नमाजात हजरत उमर (रजि.) यांच्यावर वार झाला तो दुधारी खंजिराचा. मूठ मध्ये आणि दोन्ही टोकांना पाते, असे त्याचे वर्णन रिवायतींत येते. म्हणजे खुपसताना आणि उपसताना दोन्ही वेळा मारणारे हत्यार, नमाजींच्या रांगेत लपवून आणण्याजोगे. करबल्याच्या मर्सियांत शिम्रच्या हातातला खंजर ऐकताना आजही आमच्या घरातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. मोहरमची सवारी दख्खनच्या ज्या गावांतून निघते तिथले हिंदूही तिच्यापुढे नारळ फोडतात. या गावांना खंजीर कुणाच्या गळ्यावर चालला हे ठाऊक आहे. शाळेतल्या नाटकाला ते ठाऊक नसते.

दोन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा पाटलांच्या वाड्यात गेलो. थोरले पाटील केव्हाच गेले. त्यांच्या नातवाने चहा मागवला आणि मी विचारल्यावर कपाटातून ती कट्यार काढून दिली. म्हणाला, "काका, हल्ली कुणी मागायला येत नाही. मंगल कार्यालयवालेच देतात, पत्र्याची." मी ती हातात घेतली. दांडे माझ्या मुठीला लहान होते. आडव्या दांड्यांवर गुंडाळलेला सुती कपडा कुजला होता, पट्ट्यांवरची चांदीची तार एका बाजूला उखडली होती. पात्यावर तेलाचा जुना थर. टोकाजवळ मात्र दोन बोटे जागा वेगळीच दिसत होती, काळसर. नातू म्हणाला, तो गंज आहे, घासून काढायला द्यायचे आहे. मी ती खिडकीपाशी नेली. शंभर लग्नांची लिंबे तिथे खोचली गेली असतील. त्या रसाने खाल्लेल्या जागेत, आणि फक्त तेवढ्याच जागेत, बारीक बारीक लहरी दिसत होत्या. मी त्याला म्हटले, "घासू नकोस."